बोलीच्या पेटीतले जास्तीचे पान

मित्रांनो, मी एक जुनी बोलीची पेटी आहे. दुकानात मिळते तशी प्लास्टिकची नव्हे बरं का! माझे अंग जाड पुठ्ठ्याचे आहे, त्यावर मरून रंगाचे बाइंडिंगचे कापड चढवलेले आहे. एकही कोपरा अजून उसवलेला नाही. याचा मला अभिमान वाटतो, आणि का वाटू नये?

ब्रिज या पत्त्यांच्या खेळात चौघे बसतात. समोरासमोरचे दोघे एकमेकांचे भिडू. डाव खेळण्याआधी बोली लावायची, म्हणजे आपण सहाच्या वर किती हात करू आणि हुकूम कोणता ते सांगायचे. आपल्याकडे काय आहे याचा अंदाज भिडूला फक्त या बोलीतून द्यायचा. दुसरा शब्द काढायचा नाही. त्या सगळ्या बोलींची पाने माझ्या पोटात ओळीने लावलेली असतात. बोली तोंडाने सांगायची नाही, पान काढून टेबलावर ठेवायचे.

माझा जन्म बाइंडर आजोबांच्या आवाजामुळे झाला. आजोबांनी उभा जन्म पुस्तके बांधली. हातात कला होती, पण आवाज नगाऱ्यासारखा. चांगली पाने आली की ते "एक बदाम!" असे गरजायचे आणि वाईट आली की "पास" म्हणून पुटपुटायचे. त्यांची पाने न बघता सगळ्या टेबलाला कळायची. वर भिडू चुकला की त्याची चारचौघांत बिनपाण्याने व्हायची. एकेक करून सगळे भिडू पळाले. शेवटी आजोबांच्या ब्रिज क्लबचे सेक्रेटरी, जे दातांचे डॉक्टर होते, म्हणाले, "बाइंडर, लोकांना तोंड उघडायला सांगणं हा माझा धंदा. तुम्हाला मात्र हात जोडून सांगतो, बंद ठेवा. न बोलता बोली लावता आली आणि कुणी भिडू मिळाला, तरच या."

आजोबा तोंड पाडून घरी आले. मग पुठ्ठा कापायला बसले. चार खुर्च्यांसाठी आम्ही चार बहिणी तयार झालो. मी आजोबांच्या हाताशी राहिले.

पेट्या झाल्या, भिडूचे काय? मुलाने लांबूनच हात जोडले. सूनबाई चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासायच्या. त्या म्हणाल्या, "बाबा, मी बसते. पण आधीच सांगते, क्लबात माझ्यावर एकदा जरी ओरडलात तर मी पानं खाली ठेवून उठेन. परत बसणार नाही."

आजोबांनी मुकाट्याने मान डोलावली. हा शेवटचा भिडू होता, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिकवणी सुरू झाली. एक्क्याचे चार गुण, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक. बारा-तेरा गुण भरले तर बोली उघडायची, नाहीतर पास. "उघडणं म्हणजे शब्द देणं," आजोबा सांगायचे. सूनबाई मात्र राजा-राणीच्या जोडीवर भाळून बोली उघडायच्या. "अगं, राजा-राणी आहेत, पण बाकी सगळी दुर्री-तिर्री! एवढ्यावर संसार होतो का?" एकदा सूनबाईंनी 'एक बदाम' उघडले, आजोबांनी 'एक इस्पिक' असे उत्तर दिले आणि सूनबाई पास ठेवून मोकळ्या झाल्या. "भिडूनं नवा रंग सांगितला म्हणजे प्रश्न विचारलाय! उत्तर न देता पाठ फिरवतेस?" भिंती हादरल्या. घरात ते चालून जायचे, कारण तिथे सूनबाईही तेवढ्याच जोरात उत्तर द्यायच्या.

सगळ्यात अवघड होते एक उत्तर. भिडूने 'एक नो ट्रम्प', म्हणजे हुकमाशिवाय खेळू, असे उघडले आणि आपल्याकडे पाच बदाम असले, तर बदाम सांगायचे नाहीत. 'दोन चौकट' ठेवायचे. त्यावर भिडूने काही झाले तरी 'दोन बदाम'च ठेवायचे. सूनबाईंनी हे भाजी चिरताना घोकले. ते ऐकून मुलगा म्हणाला, "या घरात कुणी सरळ बोलेल का?"

क्लबातल्या स्पर्धेत आजोबा ओठ घट्ट मिटून बसले. बरेच डाव छान गेले. मग आजोबांनी 'एक नो ट्रम्प' उघडले. सूनबाईंनी जराही न चुकता 'दोन चौकट' ठेवले. आजोबांच्या हातात चौकटचे एक्का, राजा, राणी ओळीने उभे होते. ते खुलले. त्यांचा हात माझ्याकडे आला, 'दोन बदाम' ओलांडून गेला आणि त्याने पास उचलला. मी ओरडणार कशी? मला तर तोंडच नाही.

समोरच्यांनीही पास केले. आता सूनबाईंना चौकट हुकूम धरून खेळायचे होते, आणि त्यांच्या हातात चौकटचे एकच पान होते. आजोबांनी नियमाप्रमाणे आपली पाने टेबलावर उघडी मांडली, सूनबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि आपण काय विसरलो ते त्यांना कळले. कान लाल झाले. तोंड उघडले. स्वतःच्या चुकीवर दुसऱ्याला फैलावर घ्यायची त्यांची जुनी खोड होती. शेजारच्या टेबलावरून सेक्रेटरी वळून बघू लागले. सूनबाईंनी पाने घट्ट धरली.

आजोबांनी तोंड मिटले. डाव बुडाला, समोरचे हसले, तरी ते मिटलेलेच राहिले. एवढा आवाज त्यांनी कसा गिळला, देव जाणे! त्या दिवशी मला माझ्या धन्याचा फार अभिमान वाटला.

स्पर्धेत दोघांचा नंबर खालूनच लागला. पण निघताना सेक्रेटरी म्हणाले, "पुढच्या वेळी या, बाइंडर. दोघंही या."

दुसऱ्या दिवशी आजोबांनी पुठ्ठ्याचे एक पान कापले, त्यावर अक्षरांचे ठसे उमटवले आणि माझ्यात सगळ्यांत मागे खोवले. संध्याकाळी सूनबाई टेबलाशी बसल्या. आजोबांनी ते पान काढून त्यांच्यापुढे ठेवले. त्यावर लिहिले होते, 'चुकलो'.

सूनबाईंनी ते पान उलटसुलट करून पाहिले. "हे पान नियमात नाही, बाबा."

"नाही," आजोबा म्हणाले. इतक्या हळू आवाजात ते बोलू शकतात, हे मलाही माहीत नव्हते. "पण असायला हवं."

"मग मलाही एक करून द्या. लागेल."

मित्रांनो, पुढे क्लबात प्लास्टिकच्या पेट्या आल्या. माझ्या दोन बहिणी रद्दीत गेल्या. मी आणि सूनबाईंची पेटी कपाटावर धूळ खात असतो, सुट्टीत कुणी खाली काढले तर काढले. आम्हाला ओल्या हातांनी धरू नका, पाने दुमडू नका, एवढीच विनंती. आणि तुमच्या घरातल्या पेटीत ते जास्तीचे पान नसेल, तर आजच पुठ्ठा कापायला बसा. माझ्यातली सर्वांत मोठी बोली 'सात नो ट्रम्प' अजून कोरी करकरीत आहे. 'चुकलो' मात्र आजोबांच्या अंगठ्याने इतके झिजले आहे की अक्षरे लावून वाचावी लागतात.