एका पाटावर दोन की तीन?

मी एक जुना शिशाचा घोडेस्वार आहे. उंचीने तुमच्या करंगळीएवढा आणि स्वभावाने वैतागलेला. मित्रांनो, माझी कहाणी ऐकून तुम्ही म्हणाल, याच्या जागी आपण असतो तर केव्हाच घोड्यावरून उडी टाकून निघून गेलो असतो. पण माझी तीही सोय नाही. मला घोड्यासकट एकाच साच्यातून ओतलेले आहे.

मला घडवले एका दातांच्या डॉक्टरांनी. लोकांच्या दातांचे साचे घेता घेता त्यांचा हात बसला आणि दवाखान्यामागच्या खोलीत ते चिमुकल्या पलटणी ओतू लागले. माझे चिलखत त्यांनी डोळ्याला भिंग लावून, एकेक कडी वेगळी दिसेल असे रंगवले. माझ्या घोड्यालाही चिलखत आहे. आम्ही असे सहा भाऊ.

दर रविवारी डॉक्टरांचे साडू यायचे. ते शाळेत इतिहास शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. मोठ्या टेबलावर हिरवे कापड अंथरले जाई, दोन सैन्ये समोरासमोर मांडली जात. फूटपट्टीने अंतर मोजून पुढे सरकायचे आणि फासे टाकून कोण मेले, कोण जगले ते ठरवायचे, असा तो खेळ. कोणत्या सैन्यात कोण घ्यायचे आणि कोणाची ताकद किती धरायची, हे एका जाडजूड पुस्तकात दिलेले होते. आमचे घोडे पेंड खात होते ते तिथेच.

आम्ही सहा जण डॉक्टरांच्या सैन्यात घरचे नव्हतो. राजाने पगार देऊन परमुलखातून आणलेले भाडोत्री स्वार होतो. पुस्तकात आमच्याविषयी लिहिले होते, 'भाडोत्री स्वार, जड.' बस्स. जड म्हणजे किती जड, ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक. आम्हाला लाकडाच्या छोट्या पाटावर चिकटवत. एका पाटावर तिघे दाटीने असले तर धडक जबर धरायची, दोघे ऐसपैस असले तर बेताची.

"अंगभर लोखंड, घोड्यालाही लोखंड. आणखी काय हवंय तुम्हाला? खांद्याला खांदा लावून तीन," डॉक्टर म्हणत.

"खांदा लावायला ते एकमेकांचे कोण लागतात? पगारापुरते आलेत. अंग राखूनच लढणार. दोन," मास्तर म्हणत.

झाले! नमनालाच घडाभर तेल. चहा निवून जाई, ऊन खिडकीतून निघून जाई आणि काथ्याकूट काही संपत नसे. शेवटी डॉक्टर म्हणत, "राहू द्या हो, आज यांच्याशिवाय खेळू." मग आम्ही परत काचेच्या कपाटात. तिथून मी घरच्या भालाइतांना, साध्या गोफणवाल्यांना लढताना बघत राही. पाहुणे येत आणि माझ्या चिलखताचे तोंडभरून कौतुक करत. मला त्या कौतुकाचा संताप येई. मला लढाईसाठी घडवले होते आणि मी एकही लढाई लढलो नव्हतो.

बरे, कपाटात तरी सुख असावे! दर काही वर्षांनी पुस्तकाची नवी, पण तितकीच मोघम आवृत्ती निघे आणि आमचा दर्जा बदले. मग दातांवरचे कीटण खरवडायच्या हत्याराने डॉक्टर मला जुन्या पाटावरून उचकटत आणि नव्या पाटावर चिकटवत. आज तीन, उद्या दोन, परवा पुन्हा तीन. दर वेळी घोड्याच्या मागच्या पायाचे थोडे शिसे जुन्या पाटालाच चिकटून राही. पाय पार काडीसारखा झाला. मी मनात म्हणायचो, बाबांनो, मला काहीही म्हणा, पण आता उचकटू नका.

गेल्या वर्षी पुन्हा नवे पुस्तक आले. मास्तरांनी पान उघडून दाखवले, "बघा! भाडोत्री वेगळे काढलेत. दोन!" डॉक्टरांनी तोंड पाडून हत्यार उचलले. कट् असा आवाज आला आणि मी घोड्यासकट आडवा झालो. पाय पाटावरच राहिला.

डॉक्टरांनी हत्यार खाली ठेवले.

"माझ्यामुळे झालं हे," मास्तर हळूच म्हणाले.

"तुमच्यामुळे कसलं? हत्यार माझ्या हातात होतं."

"पण हट्ट माझा होता ना!"

घ्या! आता यावरही वाद. मी पाय तुटून पडलोय आणि यांचे चाललेच आहे.

तेवढ्यात चहा घेऊन डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी मला तळहातावर घेतले. "मोडला ना शेवटी? भाऊजी, माझे कान किटलेत दोन की तीन ऐकून. या बिचाऱ्याला एकदा तरी लढू दिलंत का?"

मग डॉक्टर उठले आणि दवाखान्यातून दात भरायचे सिमेंट घेऊन आले.

"हे लावलंत तर पुन्हा निघणार नाही," मास्तर म्हणाले.

"नकोच निघायला."

"मग पाट कोणता?"

डॉक्टरांचा हात थांबला. डॉक्टरीणबाईंनी न बघताच हाताशी आलेला एक पाट पुढे सरकवला. तो तिघांचा होता; माझे दोघे भाऊ आणि माझा तुटका पाय अजून त्यावरच होते. डॉक्टरांनी त्यावरच सिमेंट लावले. दोघा भावांशेजारी माझा घोडा चारही पायांवर पक्का उभा राहिला.

त्या दुपारी मी पहिल्यांदा हिरव्या कापडावर उतरलो. धावून गेलो. मास्तरांनी फासा टाकला आणि पहिल्याच फटक्यात आम्ही मेलो. मित्रांनो, इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता. आम्हाला टेबलाच्या कडेला मेलेल्यांच्या रांगेत ठेवले. शेजारी घरचा भालाईत होता, पलीकडे गोफणवाला. तिथे कोणी आमचा दर्जा काढला नाही.

तुमच्याकडेही माझ्यासारखे कोणी कपाटात असेल. त्याला जपा, पडला तर उचला, मोडला तर सांधा. पण त्याचे नाव-गाव ठरेपर्यंत त्याला काचेआड ताटकळत ठेवू नका. ज्या कामासाठी तो घडला, त्या कामाला त्याला लावा.

माझे म्हणाल, तर येत्या रविवारी मला पुन्हा मरायचे आहे.