शेवटच्या आयंबिलाचं ताट

मंजरीबेननं सकाळीसकाळीच सुनेचे वाभाडे काढले, तेही जैन साधूंच्या उपाश्रयाच्या ओट्यावर, गल्लीतल्या सगळ्या बायकांच्या देखत.

"पाण्यात सोनामुखी टाकते ही! आठ दिवस झाले, पोट धड नाही माझं. पारण्यापर्यंत मला पोचूच द्यायचं नाही हिला!"

शेफाली उकळलेल्या पाण्याचा तांब्या हातात घेऊन तशीच उभी राहिली. तिचे कान लाल झाले होते. "बा, तेच पाणी मीपण पिते."

"मग तुला कसं काही होत नाही?"

शेफाली तांब्या घेऊन आत निघून गेली.

चैत्राची ओळी चालू होती. नऊ दिवस रोज आयंबिल, म्हणजे दिवसातून एकदाच, एका बैठकीत जेवायचं, आणि तेही तेल, तूप, दूध, गूळ नसलेलं उकडलेलं काहीतरी. वर्षाला दोन, चैत्रात आणि आश्विनात, अशा नऊ ओळ्या केल्या की व्रत पुरं. मंजरीबेनची ही नववी, आणि आज तिचा शेवटचा दिवस. जामनगरच्या उन्हात साडेचार वर्षं काढली होती बाईनं, एकही आयंबिल चुकवलं नव्हतं. आज काही चुकलं असतं तर सगळ्याला बट्टा लागला असता.

मध्येच फाल्गुनात मधुमेह निघाला. डॉक्टरनं गोळ्या दिल्या, तिन्ही वेळच्या जेवणानंतर एकेक. "ओळीत कशा घ्यायच्या ते विचारून घेऊ," असं शेफाली म्हणाली, तर सासू उसळली, "त्या डॉक्टरला तपातलं काय कळतंय?" गोळ्या तिनं पदराच्या गाठीला बांधल्या आणि गाठीला कुणाला हात लावू दिला नाही. ओळी सुरू झाली आणि पोटानं दावा मांडला. मळमळ, गुडगुड, जुलाब. दोष मात्र सुनेच्या तांब्याला.

दुपारी आयंबिलशाळेत पंगत बसली. वाढायला मंजरीबेनची थोरली जाऊ कंचनबेन होती. तिला सगळं घर भाभू म्हणायचं. भाभूची स्वतःची ओळी मागे आजारपणात अर्ध्यावर सुटली होती, आणि धाकटीची पुरी होतेय हे तिच्या डोळ्यांत सलत होतं. मंजरीबेनलाही ते ठाऊक होतं. म्हणूनच ती नेमकी तिच्यासमोरचा पाट धरून बसली होती.

कोरडी रोटी, उकडलेले मूग, थोडा भात. मंजरीबेननं भराभर बरंचसं खाल्लं. मग गाठ सोडली आणि तिन्ही गोळ्या तळहातावर घेतल्या. शेफाली पाणी ओतायला वाकली आणि तशीच थांबली.

"बा, तिन्ही एकदम?"

"एकदाच जेवते, तर एकदाच घेणार ना! तीन वेळा कुठून जेवू?"

"रोज अशाच घेताय?"

"मग काय टाकून देऊ?" म्हणत तिनं तिन्ही गिळल्या आणि उरलेल्या गोळ्यांची गाठ पुन्हा बांधली.

शेफालीनं डोळे मिटले. आठ दिवस सोनामुखीच्या नावानं शिव्या खाल्ल्या, त्या ह्यापायी!

तेवढ्यात मंजरीबेनच्या पोटात पीळ पडला. असा पडला की तिनं पाटाची कड धरली. ताटात दोनच घास राहिले होते. तिनं ते कसेबसे तोंडात कोंबले, आणि रीतीप्रमाणे ताट धुऊन ते पाणी प्यायला तांब्याकडे हात नेला तोच वरून मुगाची पळी पडली. मग दुसरी. मग तिसरी.

"बस, भाभू, बस!"

"अगं खा! शेवटचं आयंबिल," कंचनबेन गोड आवाजात म्हणाली. "ताटात टाकायचं नसतं हं. टाकून उठलीस तर दोष. आणि उठलीस की परत बसता येत नाही, तुला मी काय सांगायचं?"

मंजरीबेननं एक घास घेतला. तो घशातच फिरला. कपाळावर घाम आला. आणखी क्षणभर बसली असती तर पाटावरच अब्रू गेली असती. समोर भाभू पळी घेऊन उभी, हलायचं नाव नाही. मंजरीबेनचे डोळे भरून आले, रागानं आणि लाजेनं.

शेफालीनं तांब्या आदळला आणि सासूच्या शेजारी फरशीवर फतकल मारली. ताट आपल्याकडे ओढलं.

"उठा."

"तू... माझं उष्टं?"

"उठा म्हणते ना! मी संपवते."

मंजरीबेन उठली आणि पदर सावरत मागच्या दाराकडे धावली.

ती परत आली तेव्हा शेफाली बिनतेलाच्या मुगाचा शेवटचा घास, चेहरा वाकडा करून, गिळत होती. शेफालीनं ताटात पाणी घातलं, बोटांनी धुतलं आणि ते पाणी सगळ्यांसमोर पिऊन टाकलं.

"सासूचं उष्टं खाल्लं गं बाई हिनं!" कंचनबेन म्हणाली.

"तुम्ही वाढलंत म्हणून खावं लागलं, भाभू. आता बघा, एक दाणा दिसतोय का?" शेफालीनं ताट तिच्या नाकासमोर धरलं. कंचनबेन पळी घेऊन पुढच्या पाटाकडे सरकली.

सकाळच्या ओट्यावरच्याच बायका बसल्या होत्या. मंजरीबेननं त्यांच्याकडे पाहिलं, मग सुनेकडे. "शेफाली, मी सकाळी..."

"राहू द्या, बा," शेफाली म्हणाली. आवाजात माया नावालाही नव्हती. "माफी भाद्रपदात संवत्सरीला सगळेच मागतात, तेव्हा मागा. आत्ता गोळ्या द्या इकडे, आणि चला डॉक्टरकडे."

मंजरीबेननं गाठ सोडली.