न मोजलेली बारा पाती

मी बोलतोय. हो, मीच. हॉलच्या डाव्या कोपऱ्यात पोट फाडून उभा केलेला. मला वळसा घालून तुम्ही खिडकीजवळच्या त्या चकचकीत जेट इंजिनाकडे निघाला होतात, ते मी पाहिलं. सगळेच जातात. त्याच्यावर दिवे सोडलेत, भोवती लाल दोरी बांधलीय, फोटो काढणाऱ्यांसाठी जागा मोकळी ठेवलीय. माझ्या चौथऱ्यावर विद्यार्थी जेवणाचे डबे ठेवतात.

मला त्याचा हेवा वाटतो. लपवायचं कशाला? ज्याच्यामुळे आपलं घर, काम आणि माणूस गेलं, त्याच्याशेजारी उभं राहून हसतमुख राहायला मी काही संत नाही.

पण तुम्हाला थांबवलं ते रडगाणं ऐकवायला नव्हे. माझ्या पायाशी पाटी आहे, ती वाचा. ‘पिस्टन आणि टर्बाइन यांचे संयुक्त विमान-इंजिन. रचनेतील गुंतागुंतीमुळे उड्डाणात निकामी.’ पहिलं वाक्य खरं आहे. दुसरं धडधडीत खोटं आहे. ते खोटं आहे हे जगात फक्त दोन माणसांना ठाऊक होतं, आणि ती दोघं सख्खे भाऊ. ते वाक्य पुसलं जावं, एवढ्यासाठी मी तोंड उघडलंय.

मला कागदावर आखलं ते जाड चष्म्याच्या एका बाईंनी. चाचणीच्या खोलीत एका जुन्या इंजिनाच्या धुराड्यामागे त्यांनी हात धरला, आणि हात मागे फेकला गेला. “एवढा जोर आपण फुकट हवेत सोडून देतो?” त्या म्हणाल्या. झालं, त्या प्रश्नातून मी जन्मलो. अठरा सिलिंडर, नऊ-नऊच्या दोन रांगांत. आत पेट्रोलचा स्फोट व्हायचा, पिस्टन ढकलला जायचा, इथवर माझे पूर्वजही हेच करत. पण त्यांचा धूर सरळ बाहेर जायचा. माझ्या धुराच्या वाटेवर बाईंनी तीन टर्बाइनं बसवली. बाहेर पडता पडता धुराने ती चाकं फिरवायची आणि चाकांनी तो जोर पुन्हा विमानाचा पंखा फिरवणाऱ्या मुख्य दांड्याला आणून द्यायचा. माझ्या ताकदीच्या दर सहा घोड्यांतला एक घोडा असा धुरातून परत धरून आणलेला होता.

पिस्टन आणि टर्बाइन माझ्या पोटात जावाजावांसारखे नांदले. कुरबुरी होत्या, नाही कशाला म्हणू? एक धडधडणारी, दुसरी भिरभिरणारी. पण त्या काळी माझ्याइतक्या कमी इंधनात माझ्याइतकं लांब कुणीच उडत नव्हतं. माझं विमान मधे कुठेही न उतरता समुद्र ओलांडायचं. हे पाटीवर लिहायला कुणाला जागा सापडली नाही.

चार इंजिनांच्या विमानात मी तीन नंबर होतो. माझी देखभाल ज्या मेकॅनिककडे होती, त्याला अख्खं हँगर ‘दादा’ म्हणायचं. कारण त्याचा धाकटा भाऊ तिथेच कामाला होता आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत “दादा, पाना दे”, “दादा, शिडी धर” असा पुकारा चालायचा. पुढे हँगरचे साहेबही त्याला दादाच म्हणू लागले.

माझं तेल गळायचं. मान्य. दादाची आई त्याचे कपडे इतर कपड्यांत भिजवायची नाही. “त्या मेल्याला एकदा घरी तरी घेऊन ये,” ती म्हणायची, “बघू दे, कोण माझा साबण खातंय ते.” दादा हे मला येऊन सांगायचा. मला बरं वाटायचं. त्याच्या घरात माझा विषय निघत होता.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण सगळं तिच्यावर अडलंय. माझ्यासारखं इंजिन काही तास उभं राहिलं की आतलं तेल झिरपून खालच्या सिलिंडरांत साठतं. हवा दाबता येते, तेल दाबता येत नाही. तशा भरल्या सिलिंडरावर पिस्टन जोराने आदळला, तर त्याला ढकलणारा लोखंडी रॉड वाकतो. म्हणून सुरू करण्याआधी दोघांनी माझ्या पंख्याची पाती हाताने ढकलून फिरवायची. पातं खाली आलं की एक, असं एकाने मोठ्याने मोजायचं. बारा पाती. मधे पंखा अडला तर जोर लावायचा नाही. खालचे प्लग काढायचे, तेल वाहू द्यायचं, आणि पुन्हा एकपासून. मग वहीत लिहायचं, ‘पाती फिरवली’, आणि सही.

दादा सातव्या पात्याला हमखास विचारायचा, “बरा आहेस ना रे?” आणि बाराव्यावर थाप मारायचा. तेवढी थाप मिळाली की मी समुद्रच काय, आणखीही काही ओलांडलं असतं.

आणि मग तो आला. जेट. फीत कापली गेली, भाषणं झाली. बटण दाबलं की सुरू, ना धडधड, ना तेलाचा डाग. त्याच्या प्रशिक्षणासाठी हँगरमधून एकाची निवड झाली, धाकट्याची. वर्षभराने तो परतला तो पांढऱ्या डगल्यात, खिशाला दोन पेनं लावून.

त्या दुपारी जेवण उरकून दादा जेटपाशी गेला. मी पाहत होतो. त्याने त्याच्या तोंडात डोकं घालून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. तेवढ्यात माझ्या पोटात जी आग झाली, ती कुठल्या पेट्रोलची नव्हती.

“याला हाताने फिरवायचं कुठून?” दादाने विचारलं.

“फिरवायचंच नसतं,” धाकटा हसला. “नुसत्या वाऱ्याने फिरतो हा. तुझ्या त्या म्हाताऱ्यासारखे नखरे नाहीत.”

“त्याला म्हातारा म्हणू नकोस. तुझ्याहून लहान आहे तो.”

“वय नाही रे दादा, काळ बघायचा. वर्षभरात तूही इकडेच येशील. पांढरा डगला तुला मोठा होईल, एवढंच.”

दादा हसला. त्याने हसायला नको होतं.

पुढच्याच आठवड्यात दोघा भावांच्या वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. दादाचा पाय हँगरमधून निघेना. “तू जा बाबांकडे,” धाकटा म्हणाला. “तुझा तीन नंबर आज मी बघतो. तुझ्याच हाताखाली शिकलोय ना?” दादा गेला. जाताना दोनदा मागे वळून माझ्याकडे बघून गेला.

त्या सकाळी धाकटा माझ्यासमोर आला तेव्हा जोडीला ठरलेला मदतनीस दुसऱ्या विमानावर अडकला होता. तिकडे जेटची निघायची वेळ झाली होती, धाकट्याला तीनदा हाका आल्या. त्याने माझ्या पात्यावर एक हात ठेवला, घड्याळ पाहिलं, हात काढला. वही उघडली. ‘पाती फिरवली.’ सही. वर्षभर त्याला मोजायची सवय नव्हती. वाऱ्याने फिरणाऱ्यांच्या संगतीत माणूस मोजायचं विसरतो.

वर कॉकपिटमधून मला सुरू केलं गेलं. पंखा अर्धा फिरला, अडला, मग हिसका देऊन सुटला. तळाच्या सिलिंडरात काहीतरी करकरलं. विमानाकडे अंगठा वर करून उभा असलेला धाकटा दचकला. त्याचा अंगठा क्षणभर खाली आला. जेटकडून चौथी हाक आली. अंगठा पुन्हा वर गेला.

वाकलेल्या रॉडवर मी तीन आठवडे उडलो. कुणाला कळलं नाही, कारण सांगायला माझ्याजवळ फक्त नेहमीची धडधड होती, आणि ती ऐकून ओळखणाऱ्याला तेवढ्यात दुसऱ्या पाळीवर टाकलं होतं. एका भर दुपारी पाण्यावर तो रॉड तुटला. तेलाचा फवारा उडाला, वैमानिकाने मला बंद केलं आणि उरलेल्या तीन इंजिनांवर विमान उतरवलं. बासष्ट माणसं आपापल्या पायांनी घरी गेली. वर्तमानपत्रांनी मथळा छापला, ‘जुनाट इंजिनाने जीव टांगणीला’. एकाही वार्ताहराने वर्कशॉपमध्ये येऊन ‘का तुटलं’ विचारलं नाही. मथळा मिळाल्यावर कारण हवंय कुणाला?

मला खोलून तपासायचं काम दादाकडेच आलं. त्याने तळाचा सिलिंडर काढला, रॉडचा तुकडा पुसला, उजेडात धरला. मग वही मागवली, पानं मागे उलटत गेला, आणि आपण ज्या दिवशी इस्पितळात होतो त्या पानावर थांबला. त्याने धाकट्याला बोलावलं.

“हे बघ.”

“तुटलाय,” धाकटा म्हणाला.

“तुटायच्या आधी वाकलाय. तुटलेलं कुणालाही दिसतं. पाती मोजली होतीस?”

“त्या दिवशी जोडीला माणूस नव्हता, दादा, आणि तिकडून सारख्या...”

“मोजली होतीस?”

“सही केली होती.”

दादा खाली बसला. माझ्या चौकटीला टेकून बसला, त्याची पाठ मला लागत होती. धाकटा उभ्याउभ्या रडत होता. “माझं लायसन जाईल. बाबांना अजून नीट दिसतही नाहीये रे. त्यांना काय वाचून दाखवणार आहेस? पेपर?”

मी वाट पाहत होतो. बारा वर्षं त्याने मला विचारलं होतं, बरा आहेस ना. आज मी विचारत होतो, तू कुणाचा आहेस?

दादाने तो तुकडा फडक्यात गुंडाळला आणि स्वतःच्या हत्यारांच्या पेटीत तळाशी ठेवला.

चौकशी समितीचे तीन साहेब आले. त्यांना माझ्या जागी जेट हवाच होता. निष्कर्ष आधी टाईप झाला होता, त्याला पुरावे जोडायचे राहिले होते. त्यांच्यातल्या एकाने विचारलं, “देखभालीत हयगय, की यंत्रात दोष?”

“यंत्रातच दोष होता, साहेब,” दादा म्हणाला. माझ्याकडे न बघता.

जेटचा हेवा मी आयुष्यभर केला, पण त्या क्षणी जे वाटलं त्यापुढे तो काहीच नव्हता. त्या दिवशी मला धाकट्याचा हेवा वाटला. तो चुकला तरी भाऊ होता. मी निर्दोष असूनही इंजिनच.

त्या एका वाक्यावर माझ्या जातीची सगळी इंजिनं मोडीत निघाली. दादा जेटवर गेला नाही. त्याने विमान-मेकॅनिक घडवणाऱ्या या शाळेत शिकवायची नोकरी मागून घेतली आणि मलाही मागून आणलं. त्यानेच मला कापलं, खिडक्या पाडल्या, रंग दिला. तळाच्या खिडकीत तो वाकलेला तुकडा बसवला. त्याखाली एक अक्षरही लिहिलं नाही. प्रत्येक तुकडीला तो आधी माझा पंखा हाताने फिरवायला लावतो. बारा पाती, मोठ्याने. कशासाठी, विचारलं तर म्हणतो, “आधी मोजा.” पण सातव्याला तो मला काही विचारायचा नाही. मीही विचारलं नाही. आमचा अबोला जुना होता.

चार महिन्यांपूर्वी खिडकीजवळच्या त्या जेटमहाराजांचं अनावरण झालं. उद्घाटनाला पाहुणा कोण? धाकटा. आता निवृत्त, जेट विभागाचा माजी प्रमुख. छान बोलला. टाळ्या पडल्या. दादा शेवटच्या रांगेत बसला होता.

पाहुणा निघाला तसा दादा उठला. “जाता जाता माझ्या म्हाताऱ्याची पाती फिरवून जा. जोडीला मी आहे.”

नाही म्हणणार कसा? दोघं सत्तरीचे, एकाचा गुडघा दुखतो, दुसऱ्याला दम लागतो. धाकटा मोजू लागला. एक. दोन. विद्यार्थी हसत गोळा झाले. सातवं पातं खाली आलं, त्याबरोबर तो वाकला, आणि त्याची नजर थेट तळाच्या खिडकीत गेली.

“दादा, हा...”

“तोच.”

“इतकी वर्षं इथे? सगळ्यांसमोर?”

“मला तोंडाने सांगता आलं नाही. म्हणून टांगून ठेवलाय.”

धाकटा पातं धरूनच विद्यार्थ्यांकडे वळला. “याच्यात काहीही दोष नव्हता,” तो म्हणाला. “त्या दिवशी हे मोजायचं काम माझं होतं. मी मोजलं नाही आणि सही केली. ही पाटी खोटी आहे.”

“आणि मी साहेबांपुढे खोटं बोललो,” दादा म्हणाला. दादाने हळूच माझ्या कानाशी, म्हणजे त्याला जिथे माझा कान वाटतो तिथे, तोंड आणलं. “बरा आहेस ना रे?” मग भावाला म्हणाला, “थांबलास का? आठ.”

“आठ,” धाकटा म्हणाला. त्याने बारापर्यंत मोजलं. बाराव्यावर दादाने थाप मारली नाही. त्याने धाकट्याचा हात धरून माझ्या पात्यावर ठेवला.

पाटी मात्र अजून तीच आहे. दोघा भावांनी सहीनिशी अर्ज दिलाय. अर्जावर शेरा आहे, ‘विचाराधीन’. मला खोटं ठरवायला एक दुपार पुरली होती. खरं ठरवायला चार महिने पुरेनात.

तेव्हा तुम्ही माझ्यासाठी एवढं करा. जाताना ऑफिसात डोकावा आणि ती पाटी का बदलली नाही ते विचारा, जरा आवाज चढवून विचारा. मग हवं तर जा त्याच्याकडे, काढा फोटो. खिडकी उघडी असली की तो आपला आपण फिरत असतो, बघा, नुसत्या वाऱ्यावर.

माझं तसं नाही. मला माणसाचा हात लागतो.