भिजवलेली भिंत

रॉकवूल भिजवायचं नसतं, हे भट्टीच्या कामावर आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगतात. ही आच अडवायला भिंतीत भरायची दगडी लोकर. ओलं वूल भिंतीत गेलं की खाली बसतं, वर पोकळी राहते, आणि त्या पोकळीतून आतली आच बाहेरच्या पत्र्याला लागते. मिस्त्रीनं हे इतक्या जणांना इतक्या वेळा ऐकवलं होतं की कामगार त्याच्या पाठीमागे त्याची नक्कल करायचे: ओला ठोकळा दिसला तर स्वतःच्या गादीत भर, माझ्या भिंतीत नको. असा हा माणूस मंगळवारी सकाळी फवाऱ्याचा पंप पाठीला लावून एकटाच भट्टीत शिरला आणि त्यानं आतून दार ओढून घेतलं.

भट्टी लोखंडी कपाटांचा रंग भाजायची. दोन ट्रक एकामागे एक उभे राहतील एवढी लांब, दुहेरी पत्र्याच्या भिंती, आणि दोन पत्र्यांच्या मध्ये वीतभर जाडीचं वूल. सहा महिने झाले, मागची भिंत बाहेरून एवढी तापत होती की तिच्यावरच्या रंगाला फोड आले होते. शेवटी कारखान्यानं पाच दिवस भट्टी बंद ठेवली. आतले पत्रे काढायचे, जुना माल उपसायचा, नवे ठोकळे दाबून भरायचे, पत्रे परत बसवायचे. कामाला मिस्त्री, त्याचा पुतण्या, आणि पत्रे उचलायला दोन हमाल.

मागच्या भिंतीत वूल नव्हतंच. ॲस्बेस्टॉस होतं. हे ठाऊक असलेली दोनच माणसं, मिस्त्री आणि त्याचा धाकटा भाऊ. त्यातला भाऊ पाच वर्षांपूर्वी वारला.

सव्वीस वर्षांपूर्वी ही भट्टी त्या दोघांनीच भरली होती. मागची भिंत थोरल्याकडे, उजवी धाकट्याकडे. माल कमी पडला, साहेब लोकांना उद्घाटनाची घाई. जुन्या बॉयलरचं सोलून काढलेलं ॲस्बेस्टॉस गोदामात पोत्यांनी पडलेलं होतं. थोरल्यानं त्यातली नऊ पोती मागच्या भिंतीत कोंबली आणि वर पत्रा ठोकला. वाईट असतं म्हणून कानावर आलेलं होतं, पण तेव्हा ते सगळेच हाताळायचे आणि सगळेच धडधाकट होते. धाकट्यानं पोती वाहायला मदत केली. कागदावर 'चारही भिंती रॉकवूल' असं लागलं आणि विषय मिटला.

मग भाऊ आजारी पडला. आधी जिना चढताना थांबायला लागला, मग सपाटीवर, मग पलंगावर बसल्या जागी. डॉक्टर म्हणाले, हा ॲस्बेस्टॉसचा आजार आहे, हा माणूस कुठे काम करत होता? तो गेल्यावर त्याच्या बायकोनं, घरात सगळे जिला धाकटी म्हणत, कारखान्याविरुद्ध अर्ज केला. चौकशी लागली. साक्षीदार एकच, थोरला भाऊ. चौकशीच्या आदल्या दिवशी मॅनेजरनं त्याला केबिनमध्ये बोलावलं, चहा पाजला, तब्येत विचारली आणि म्हणाला, तुमच्या पुतण्याचंही काहीतरी बघायला हवं, नाही का? दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं चौकशीत सांगितलं की भावानं आयुष्यात वूलशिवाय कशाला हात लावला नाही. अर्ज निकालात निघाला. महिन्याभरात पुतण्या कामावर लागला, बापाच्या जागी.

त्यानं ते पोरासाठी केलं, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली होती. त्यात खोटं फारसं नव्हतंही. पण खरं सांगायचं तर मॅनेजरसमोर त्याची बोबडी वळली होती, आणि तसं ते स्वतःशी कबूल करण्यापेक्षा पुतण्याचं नाव पुढे करणं सोपं होतं. धाकटीनं त्याला एका शब्दानं विचारलं नाही. उलट म्हणाली, भाऊजी, तुम्ही असताना मला कसली काळजी. तो विधुर माणूस, तिच्याच घरच्या मागच्या खोलीत राहायचा, तिच्या हातचं जेवायचा. पाच वर्षं रोज दोन वेळा तिनं वाढलेलं तो खाली मान घालून गिळत आला होता.

आता निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं. मॅनेजर बदलून गेला होता. मिस्त्रीची नोकरी आता कोणी खात नव्हतं. भीती होती ती एकाच गोष्टीची, धाकटीला कळण्याची.

म्हणून सोमवारी, काम सुरू होण्याआधी, सुरक्षा अधिकाऱ्यानं फॉर्म पुढे केला तेव्हाही तो तेच बोलला. या अधिकाऱ्याच्या गळ्यात सदानकदा शिट्टी, म्हणून सगळे त्याला शिट्टीसाहेब म्हणत. माणूस सरळ होता. त्यानं विचारलं, भट्टी जुनी आहे, भिंतीत नक्की काय आहे? शंका असेल तर चारही भिंतींचे नमुने तपासायला पाठवतो, काम आठवडाभर थांबलं तरी चालेल. मिस्त्री म्हणाला, मीच भरलीय की, वूल आहे. शिट्टीसाहेबानं तसं लिहून घेतलं.

मिस्त्रीचा बेत ठरलेला होता. पुतण्याला उजव्या भिंतीला लावायचं. ती धाकट्यानं भरलेली, तिथे वूल. स्वतः सोमवारी बाहेर आवारात नवे ठोकळे मापानं कापून ठेवायचे. मंगळवारी मागची भिंत एकट्यानं उपसायची, चांगला मास्क लावून, पाणी मारून मारून, म्हणजे धूळ उडणार नाही. पोत्यात घट्ट बांधायचं आणि कोणाच्या नजरेला पडू द्यायचं नाही. मागे हवेचा मोठा पाइप आडवा येतो, तिथे एकच माणूस मावतो, असं त्यानं सगळ्यांना सांगून ठेवलं. स्वतःच्या छातीची त्याला पर्वा नव्हती. जे व्हायचं ते झालंच असेल, असा त्याचा हिशेब. पोराला झळ लागू नये, एवढंच. आणि कोणाला कळू नये. हे दुसरं तो मनातही हळू आवाजात म्हणायचा.

दहा वाजेपर्यंत अर्धी भिंत मोकळी झाली. पत्रा निघाला की आत राखाडी-पांढरं, मऊ, एकमेकांत गुंतलेलं. तो आधी फवारा मारायचा, ते गडद होऊन बसेपर्यंत थांबायचा, मग खुरप्यानं खाली ओढून पोत्यात सारायचा. सगळ्या जमिनीवर पाणी. मास्कच्या काचेवर वाफ धरत होती. भावाची आठवण येऊ द्यायची नाही असं त्यानं ठरवलं होतं, पण खाली वाकलं की तो समोर यायचाच, पोतं पाठीवर घेऊन शिट्टी वाजवत येणारा, तिशीही न गाठलेला. मिस्त्रीला मास्कमध्येच रडू आलं. डोळे पुसायची सोय नव्हती.

दार उघडल्याचा आवाज त्याला फवाऱ्याच्या आवाजात आला नाही. पाठीमागे पुतण्या उभा होता, हातात चहाची किटली.

"काका, वूल कोण भिजवतं?"

मिस्त्री म्हणाला, धूळ बसावी म्हणून. बाहेर जा, इथे जागा नाही.

पुतण्या गेला नाही. तिशी ओलांडलेला माणूस, पाच वर्षं याच काकाच्या हाताखाली शिकलेला. त्यानं ओल्या भिंतीकडे पाहिलं, मग काकाच्या तोंडावरच्या मास्ककडे. वुलाच्या कामाला मिस्त्री नाकाला फडकं बांधायचा, फार तर. पुतण्यानं किटली खाली ठेवली आणि उघड्या पोत्यात हात घालायला वाकला. मिस्त्रीनं झडप घालून त्याचं मनगट धरलं आणि त्याला ढकलत दाराबाहेर नेलं. बाहेर आल्यावर दोघांनाही कळलं की आता लपवण्यासारखं काही राहिलं नाही.

"काय आहे ते?" पुतण्यानं विचारलं.

मिस्त्रीनं मास्क काढला. कुठून सुरुवात करावी ते सुचेना, मग त्यानं शेवटापासूनच सांगितलं. तुझ्या बापाला ज्यानं नेलं ते. तुझ्या बापानं आणि मी मिळून ते भिंतीत भरलं. चौकशीत मी खोटं बोललो. तुझ्या आईचा अर्ज माझ्या तोंडानं बुडाला, आणि तुझी नोकरी त्याबद्दल मिळाली.

पुतण्या ओरडला असता, अंगावर आला असता तर मिस्त्रीला बरं वाटलं असतं. दोन्ही हमाल लांबून बघत होते आणि काही दिसत नसल्यासारखं दाखवत होते.

"आणि कालही सांगितलं नाहीत," पुतण्या शेवटी म्हणाला. "फॉर्म भरताना मी तिथेच होतो."

"तुला इकडे येऊच देणार नव्हतो. तुला मुद्दाम उजव्या भिंतीला लावलं. ती तुझ्या बापानं भरली होती, तिच्यात वूल आहे."

पुतण्याचा चेहरा हळूहळू बदलला.

"काल मला खाज सुटली नाही," पुतण्या म्हणाला.

वुलाचं काम केलेल्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही. रॉकवूल उपसलं की दंड, मान, पोट सगळं रात्रभर पेटतं. माणूस भिंतीला पाठ घासतो. आणि हा सोमवारी अख्खी उजवी भिंत उपसून गेला, नाकाला साधं फडकं बांधून, आणि रात्री शांत झोपला.

"मऊ होतं. पांढरं. वरचे दोन हात वूल, खाली सगळं तसलं. मला वाटलं जुनं झालं की असंच होत असेल. मी तर हमालांना म्हटलं, बाबांनी काय छान माल भरलाय, टोचत सुद्धा नाही."

मिस्त्री तिथेच पायरीवर बसला. म्हणजे धाकट्याकडेही माल कमी पडला होता. थोरला रागावेल म्हणून तो बोलला नसेल, गुपचूप चार पोती त्यानंही उचलली असतील. थोरल्यानं कधी विचारलंच नव्हतं. चौकशीतही नाही, भाऊ पलंगावर धापा टाकत होता तेव्हाही नाही, कारण विचारलं असतं तर तो विषय दोघांमध्ये उघडा पडला असता. आणि काल, फक्त काल, फॉर्मवर एक शब्द खरा लिहिला असता तर चारही भिंतींचे नमुने गेले असते आणि पोरगा आज घरी झोपून राहिला असता. पोराला वाचवायचं म्हणून त्यानं नेमून दिलेली भिंत ती. स्वतःच्या हातानं.

"चल," तो म्हणाला. शिट्टीसाहेबाच्या केबिनमध्ये जाऊन त्यानं सगळं सांगितलं, सव्वीस वर्षांपूर्वीच्या नऊ पोत्यांपासून कालच्या फॉर्मपर्यंत, चौकशीतल्या साक्षीसकट. शिट्टीसाहेब मध्येच उठला, बाहेर जाऊन भट्टीकडचा भाग रिकामा करवला, हमालांना आणि पुतण्याला अंघोळीला पाठवलं, अंगावरचे कपडे पिशवीत बांधून घेतले. परत येऊन त्यानं कोरा कागद पुढे केला. मिस्त्रीनं लिहून सही केली. अक्षर नेहमीसारखंच आलं, याचं त्याला नवल वाटलं.

पुतण्या अंघोळ करून कोणाचा तरी ढगळ सदरा घालून आला. मान घासून घासून लाल केली होती. त्यानं कागद उभ्यानंच वाचला, खाली ठेवला आणि म्हणाला, "हे आईला मी सांगणार नाही. तुम्ही सांगा. आत्ता." आणि टेबलावरच्या फोनवर त्यानं स्वतः घरचा नंबर फिरवून रिसीव्हर काकाच्या हातात दिला.

धाकटीनं लगेच उचलला. आवाज हसरा होता. मागे नातीचा, पुतण्याच्या मुलीचा, कालवा चालला होता. मिस्त्री नुसता "मी बोलतोय" म्हणाला, तोवर तिनंच बोलायला सुरुवात केली. बरं झालं फोन केलात भाऊजी, म्हणाली. तुमच्या पुतण्याला सांगा, कामावरचे कपडे असे आणून कोपऱ्यात टाकायचे नाहीत. सकाळी गॅलरीत उन्हात झटकले तर काय पांढरं पांढरं उडालं त्यातून. पोरगी खाली उभी राहून टाळ्या पिटत होती. आणखी झटक म्हणाली, म्हणून मी दोनदा झटकले.

पुतण्याला तिकडचं ऐकू येत नव्हतं. तो काकाच्या तोंडाकडे बघत वाट पाहत होता.

"तिला आत घे आणि गॅलरीचं दार लाव," मिस्त्री म्हणाला. "त्या कपड्यांना पुन्हा हात लावू नकोस. आणि जरा खाली बस, मला तुला पाच वर्षांपूर्वीचं काही सांगायचंय."