पाच पिल्लांचा फोटो

मास्तरांना एखादा फोटो आवडला नाही की ते तो फाडत. रागारागानं नव्हे. आधी चष्मा पुसत, मग शांतपणे एकदा उभा आणि एकदा आडवा. चार तुकडे ज्याचे त्याच्या हातात ठेवून म्हणत, "बघा, यातला एखादा तुकडा तरी जमलाय का." लोक हसत. ज्याचा फोटो असे तोही हसे; न हसून सांगतो कोणाला.

हे दर रविवारी सकाळी चाले, सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या लांबट खोलीत. पंधरा-सोळा हौशी माणसं जमत. कोणी शिंपी, कोणी विजेच्या खांबांवर चढणारा लाइनमन, एक निवृत्त पोस्टमन, दोन नर्सा. आठवडाभर पोटामागं धावायचं आणि मधल्या वेळात मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये एकमेकांना सल्ले द्यायचे: आभाळ जळून पांढरं पडलंय, उजेड कमी कर, सावल्या जरा उचल, क्षितिज कललंय. मास्तर ग्रुपवर एक अक्षर लिहीत नसत. त्यांना छापलेला फोटो हातात लागे. चाळीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवलेली, पक्ष्यांच्या फोटोंना कपाटभर बक्षिसं. त्यांच्यापुढे तोंड कोण उघडणार?

ताई त्या खोलीत सात वर्षं येत होती. सगळे तिला ताईच म्हणत. सरकारी दवाखान्यात ती एक्स-रे काढायची. रोज मोडकी हाडं बघून तिची नजर अशी तयार झाली होती की केसाएवढी चीर सुटत नसे. मास्तरांनी ते हेरलं आणि आपले फोटो साफ करायचं काम तिच्याकडे दिलं. म्हणजे संगणकावर फोटो मोठा करायचा आणि नको ते पुसायचं: धुळीचे ठिपके, मध्येच आलेली काडी, कोळ्याचा धागा. "तुझा हात हलका आहे," मास्तर म्हणत, आणि तेवढ्यावर ती सुट्टीचे दिवस संगणकापुढे घालवी. तिचा फोटो त्यांनी कधी फाडला नव्हता. का, तेही तिला ठाऊक होतं.

आदल्या वर्षी तिनं आपल्या मावसभावाला तिथं आणलं. त्याची बेकरी होती. अंगानं दांडगा, बोलायला गरीब. त्याची आई, म्हणजे ताईची मावशी, नुकतीच गेली होती आणि तो घुम्यासारखा बसून राहायचा. ताईच्या आईनं सांगितलं, पोराला कशात तरी गुंतव. तो आला, मान खाली घालून शिकला, आणि चौथ्या महिन्यात त्यानं एक फोटो छापून आणला. कणीक मळणारे मावशीचे हात. जुन्या मोबाइलवर काढलेला. ग्रुपवर कोणीतरी सांगितलं म्हणून त्यानं सावल्या उचलल्या होत्या, म्हणजे अंधारे भाग उजळले होते, आणि त्या जरा जास्तच उचलल्या गेल्यानं हात राखाडी पडले होते.

मास्तर म्हणाले, "बाई गेल्यानंतर काढलाय का हा?" आणि फाडला.

नेहमीसारखे सगळे हसले. मावसभावानं तुकडे शर्टाच्या खिशात ठेवले आणि खिशावर हात धरून बसला. ताईही किंचित हसली होती. ते हसणं तिला पुढं फार दिवस आतून टोचत राहिलं.

त्या उन्हाळ्यात मास्तरांना मोठं बक्षीस मिळालं. फोटो भिंगरीच्या पिल्लांचा होता. भिंगरी म्हणजे दुभंगलेल्या शेपटीचा, मुठीत मावेल एवढा पक्षी. एका वाळक्या फांदीवर पाच पिल्लं ओळीनं, एका मापानं बसलेली. पाचांच्या चोची उघड्या, आणि समोर पंख पसरून हवेत थांबलेली आई. पिल्लांच्या पायांजवळ चकाकणारे बारीक धागे ताईनंच पुसले होते. पुढं हा फोटो भिंतभर मोठा करून प्रदर्शनात लावायचं ठरलं, तेव्हा मास्तरांनी तिला मूळ प्रत पुन्हा साफ करायला दिली. त्यांनी दिलेल्या पाकिटात कॅमेऱ्यातलं कार्ड होतं. एकच फोटो असलेलं कार्ड द्यायचं, ते घाईत त्यांनी अख्ख्या दिवसाचं दिलं.

दुपारच्या सुट्टीत, एक्स-रेच्या खोलीला आतून कडी घालून ताईनं ते उघडलं. कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर लावून ठराविक वेळानं आपोआप फोटो निघतील अशी सोय केलेली होती, आणि ती दिवसभर चालू राहिली होती. पहिल्या काही फोटोंत मास्तरांचे हात होते. एका हाताच्या चिमटीत पिल्लू, दुसऱ्यात नायलॉनचा दोरा. पिल्लाच्या पायाला वेढा, फांदीला वेढा, गाठ. मग दुसरं पिल्लू. तिसऱ्यानं पंख फडफडवले, तर पुढच्या फोटोत त्याचा पंख विचित्र कोनात वळलेला होता आणि ते गप्प बसलं होतं. ताईला तो कोन ओळखीचा होता. हाड मोडल्याशिवाय तसा होत नाही.

मग आई आली, भरवून गेली, आली, गेली. बक्षिसाचा फोटो त्यातलाच. ऊन चढलं. फांदीच्या आसपासची पानं आधीच छाटलेली होती, म्हणजे सावलीचं नाव नाही. पिल्लांच्या चोची उघड्याच राहिल्या, पण आता भुकेनं नव्हे. एक उलटं लोंबकळलं. आई येऊन त्याला चोचीनं ओढत होती. असे वीसेक फोटो, ती नुसती ओढत होती. मग एकेक मान पडत गेली. शेवटून दुसऱ्या फोटोत मुंग्या होत्या आणि शेवटच्या फोटोत पुन्हा मास्तरांचा हात, ब्लेड घेतलेला. दोरा सोडवत बसायला नको म्हणून त्यांनी पायच कापले होते.

संध्याकाळी घरी जाऊन ताई आपल्या संगणकावरचे मास्तरांचे जुने फोटो काढून बसली. असे धागे तिनं अकरा फोटोंतून पुसले होते. त्यातल्या एकात तिला गाठही दिसली होती. कोळी गाठ मारत नाही हे तिला तेव्हा कळत नव्हतं असं नाही.

आधी ती एकटीच मास्तरांच्या घरी गेली. त्यांनी खुर्ची दिली, तिचं सगळं ऐकून घेतलं.

"दहातली सात-आठ पिल्लं तशीही मरतात," ते म्हणाले. "कावळा नेतो, मांजर नेतं. फोटो राहतो."

"मास्तर, तुम्ही त्यांचे पाय कापलेत."

"आणि तू दोरे पुसलेस. अकरा वेळा. विचारलंस का कधी, कसले म्हणून?"

मास्तरांनी हात पुढं केला आणि कार्ड मागितलं. तिनं पर्स छातीशी धरली. तेव्हा त्या साठीच्या माणसानं तिचं मनगट धरलं आणि असं पिरगळलं की ती गुडघ्यावर आली. दुसऱ्या हातानं ते पर्स ओढू लागले. चेहरा तसाच शांत, फोटो फाडताना असायचा तसा. तिनं त्यांच्या अंगठ्याला कडकडून चावा घेतला, सुटली, आणि चपला हातात घेऊन रस्त्यावर आली.

रविवारी मास्तर अंगठ्याला पट्टी बांधून खोलीत आले. ती हे कोणाला सांगणार नाही याची त्यांना खात्री असावी. कारण सांगितलं असतं तर अकरा फोटोंचं उत्तर तिलाही द्यावं लागलं असतं. ताईनं त्यांच्याआधी येऊन कार्ड प्रोजेक्टरला लावून ठेवलं होतं. दिवे मालवल्यावर तिनं एका दमात सांगितलं की मास्तरांच्या बक्षिसाच्या फोटोचं कार्ड आहे, सगळ्यांनी बघा. पुसलेल्या धाग्यांबद्दल ती बोलली नाही. बोलणार होती, पण धीर झाला नाही.

फोटो एकामागून एक भिंतीवर येत गेले. तिसऱ्या पिल्लाच्या पंखापाशी एक नर्स उठून बाहेर गेली. ब्लेड दिसल्यावर मास्तर उठले आणि प्रोजेक्टरची वायर ओढायला वाकले.

पहिला फटका शिंप्यानं मारला. घडीची खुर्ची होती, ती त्यानं मास्तरांच्या पाठीत घातली. कधी कोणाशी वर आवाजात न बोललेला तो माणूस. मास्तर भिंतीवर आपटले, त्यांचा चष्मा पडला आणि पिल्लांचे फोटो पुन्हा पहिल्यापासून त्यांच्या अंगावरून सरकू लागले. मग सगळेच धावले. लाइनमननं त्यांना कॉलर धरून उभं केलं आणि तोंडावर ठोसा मारला. पुन्हा उभं केलं, पुन्हा मारला. कोणी तिकाटणं उचललं होतं. दिवे लावायचं कोणालाच सुचलं नाही. ताई "पुरे, पुरे" म्हणत होती, पण तो आवाज तिलाच ऐकू येत नव्हता. तिला ऐकू येत होतं ते वेगळंच. मारणाऱ्यांपैकी एकाच्याही तोंडात पक्ष्यांचं नाव नव्हतं. शिंपी म्हणत होता, "माझ्या पोरीचा फोटो. माझ्या पोरीचा." लाइनमन तीन वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा पुलाच्या फोटोबद्दल बोलत होता.

मावसभाऊ सगळ्यात शेवटी उठला. मास्तर तेव्हा जमिनीवर पडले होते, उजवा हात पसरलेला. तो हात त्यानं आपल्या एका बुटाखाली धरला, नीट जागा बघून, आणि दुसरा पाय उचलून टाच खाली आणली. एकदा, मग परत. कणीक तिंबताना जसं अंग टाकतात तसं अख्खं वजन टाकून. "आईचे हात," तो म्हणत होता, "माझ्या आईचे हात." मास्तर किंचाळले. आतापर्यंत त्यांच्या तोंडून आवाज निघाला नव्हता.

त्याला ओढायला ताई मध्ये पडली, तर त्याच्या कोपराचा फटका लागून तिचा ओठ फाटला. पोस्टमननं दिवे लावले तेव्हा सगळे धापा टाकत उभे होते. एकमेकांकडे कोणी बघत नव्हतं.

त्या दिवशी दुपारी दवाखान्यात ताईचीच पाळी होती. ओठाला कापूस लावून ती कामावर पोहोचली, आणि तासाभरात पोस्टमननं मास्तरांना चाकाच्या खुर्चीतून तिच्याच दारात आणलं. डॉक्टरांना मास्तरांनी सांगितलं होतं की जिन्यावरून पडलो. ताईनं त्यांचा हात उचलून प्लेटवर ठेवला. ठेवताना ते विव्हळले. तिनं बोटं एकेक करून सरळ केली, तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं. बटण दाबायला ती आडोशामागं गेली आणि तिथंच थोडा वेळ भिंतीला टेकून उभी राहिली.

पडद्यावर हात आला. तळहाताची तीन हाडं मोडलेली, दोन बोटांचा चुरा. डॉक्टर तरुण होते, म्हणाले, "पडून असं मोडतं का हो, ताई?"

"नाही," ती म्हणाली. "हा हात खाली धरून टाचेनं चिरडलाय. मी तिथं होते."

"कोणी?"

मास्तर तिच्याकडे बघत होते. सुजलेल्या डोळ्यांत रागाहून विनवणीच जास्त होती, कारण मारणाऱ्याचं नाव निघालं की दोऱ्याचंही निघणार. ताईला मावशी आठवली, तिच्या मांडीवर आपण काढलेले ताप आठवले. मग तिनं मावसभावाचं नाव सांगितलं. शिंप्याचं आणि लाइनमनचंही सांगितलं.

पोलिसांपुढच्या जबानीत तिनं काहीच राखून ठेवलं नाही. अकरा फोटोंतले धागे मी पुसले, एकात गाठ दिसली तरी पुसले, हे लिहून घ्या म्हणाली. लिहिणारा हवालदार म्हणाला की बाई, याची गरज नाही. तिनं लिहायला लावलं. मावसभावाच्या वकिलानं तिला विनवलं की न्यायाधीशांसमोर एवढंच म्हणा, पिल्लांची ती दशा बघून त्याचं भान सुटलं. तिथं उभी राहिल्यावर तिला विचारण्यात आलं की मारताना तो काय म्हणत होता. जे ऐकलं होतं ते तिनं सांगितलं. मावसभावानं डोळे मिटून घेतले.

त्याला आठ महिन्यांची शिक्षा झाली, बाकी दोघांना त्याहून कमी. मास्तरांची बक्षिसं काढून घेतली गेली, पक्ष्यांच्या छळाचा खटला त्यांच्यावरही चालला. खोली सायकलवाल्यानं टायर ठेवायला घेतली. ग्रुपमधून एकेक जण मुकाट्यानं बाहेर पडला.

घरात ताईच्या आईनं अबोला धरला. पहिल्या दिवशी तेवढी एकदा बोलली: "माझ्या बहिणीचं एकुलतं एक पोर तू आत घातलंस. आणि तिथं नेलं होतंस तूच." त्यानंतर ताट समोर आदळायचं आणि भिंतीकडे तोंड करून जेवायचं. ताईनं एकदाही उलट उत्तर दिलं नाही. बेकरी बंद पडू नये म्हणून ती पहाटे जाऊन भट्टी पेटवून देई आणि मग दवाखान्यात जाई. मावसभावाची बायको तिला आत येऊ देई, पण चहा विचारत नसे. पहिल्याच महिन्यात ताईचा उजवा हात कोपरापर्यंत दोन ठिकाणी पोळला.

मावसभाऊ सुटला त्या सकाळी आई एकटीच निघाली. ताई मागच्या बसनं गेली आणि तुरुंगाच्या फाटकासमोर, रस्त्याच्या पलीकडे उभी राहिली. तो बाहेर आला. अर्धा झाला होता. ताईच्या आईच्या गळ्यात पडून रडला, मग त्याला ताई दिसली. हातातली पिशवी आईकडे देऊन तो रस्ता ओलांडून सरळ तिच्याकडे आला. तो आता मारणार असं तिला वाटलं, आणि ती मागं सरली नाही.

तो हातभर अंतरावर थांबला. तिच्या ओठावरच्या खुणेकडे त्यानं बराच वेळ पाहिलं.

"मास्तरांचा हात कसा आहे?" त्यानं विचारलं.

"तीन बोटं वळत नाहीत," ती म्हणाली. "आता वळणारही नाहीत."

त्यानं मान हलवली. वळून तो पुन्हा रस्त्यापलीकडे गेला, पिशवी घेतली, आणि ती दोघं बसथांब्याकडे चालू लागली. थोडं अंतर ठेवून ताईही त्यांच्या मागून निघाली. आईनं एकदा वळून पाहिलं. ये म्हणाली नाही, आणि येऊ नकोस असंही म्हणाली नाही.