तेहतीस फेऱ्यांवरचे गाणे

माझ्या सुईचे टोक माणसाच्या केसापेक्षा बारीक आहे. तबकडीची खाच जिकडे वळते, तिकडे ते वळते. काम एवढेच. पण मित्रांनो, एवढ्याशा हालचालीतून मी दूरच्या माणसांचे आवाज परत आणतो, आणि त्याचा मला अभिमान आहे.

मी एक जुना रेकॉर्ड प्लेअर आहे. कारखान्यातून निघालो तो थेट एका दिवाणखान्यात. तिथे पुष्कळ कौतुक झाले. पुढे माझा पट्टा सैल पडला आणि माझी रवानगी माळ्यावर झाली, तिथून भंगारात. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका दादांनी मला उचलून आणले, नवा पट्टा घातला. तेव्हापासून दुकानात येणाऱ्या तबकड्या मीच तपासतो.

दादांची थोरली बहीण अक्का समोरच्या टेबलावर सोल्डरिंग करते आणि आईच्या बोलीतली गाणी गुणगुणते. ती बोली आता घरात तिला एकटीलाच येते. वाचनालयाच्या बाई दर वर्षी विचारत, "अक्का, यंदा कार्यक्रमात गाणार ना?"

"बघू. कुणाला काय कळणार आहे?" अक्का मान वर न करता म्हणे. अशी सात वर्षे गेली.

यंदा बाई देणगीत आलेल्या तबकड्यांची पेटी घेऊन आल्या. पहिलीच तबकडी दादांनी लावली. चिरका आवाज, धावत सुटलेली गिटार.

"हे काय, उंदरांची वरात?" दादा म्हणाले.

बाईंनी वेष्टन वाचले. "वेल्श भाषेतली लोकगीतं. सायकेडेलिक. म्हणजे डोकं गरगरवणारं. असंच असणार."

अर्धी बाजू सगळ्यांनी तशीच ऐकली. मी शरमेने फिरत राहिलो. मला बोलायला तोंड कुठे आहे?

अखेर अक्काने सोल्डरिंगची सळई खाली ठेवली. "थांब रे. ही बाई श्वास फार भरभर घेतेय. गाणारं माणूस असा श्वास घेत नाही." तिने माझी वेगाची कळ पाहिली. "मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांवर ठेवलंयस, शहाण्या! ही तेहतीसची आहे."

कळ फिरली. एक भरदार, संथ आवाज खोलीत उतरला. मागे बासरी होती, आणि उलटी वाजणारी कसली तरी घंटा. जणू पाण्याखालून कुणी हाक मारत होते.

"मला तर एक अक्षर कळत नाहीये," दादा पुटपुटले.

"मग बंद करू?" अक्काने विचारले.

"हात लावू नकोस!" दादा आणि बाई एकदमच म्हणाले.

मित्रांनो, यंत्राची सुई पुसत जा, तबकडीचा वेग आधी वाचत जा. आमच्या पोटात कुणाचा तरी श्वास असतो.

बाजू संपली. माझा सुईचा दांडा जागेवर आला. अक्काने तबकडी उचलून वेष्टनात घातली. मग बाईंकडे वळली.

"लिहा माझं नाव. आईच्याच बोलीत गाणार. आणि अर्थ सांगणार नाही."