पोत्यांजवळची बाई

दाराला आतून कडी नव्हती. तरी ते लोटायला कुणी तयार नव्हतं, कारण आत भागिरथाबाईच्या हातात विळा होता.

तिची मुलगी पौर्णिमा नोकरीच्या गावाहून, वाशीमहून, केनवडला घरी पोचली तेव्हा अंगणात शेजारीपाजारी जमले होते. चुलतभाऊ विकासच्या हातात बैलाचं दावं होतं. वडील माणिकराव ओट्यावर डोकं धरून बसले होते.

"सकाळपासून आत हाय," ते म्हणाले. "पानी बी पेली नाई. म्हन्ते, पान्यात कायतरी टाकलं."

"बांधतो अन् गाडीत टाकतो," विकास म्हणाला. "दुसरा इलाज नाई."

हे दसऱ्याच्या आधीपासून वाढत चाललं होतं. पहिल्यांदा आई कोपऱ्याशी बोलायची. मग झोप गेली. आणि गेल्या रविवारी तिनं पौर्णिमाकडे रोखून पाहत विचारलं, "तू कोन होय? माही पौर्णी कुठी नेली तुमी?" पौर्णिमानं आधार कार्ड दाखवलं, लहानपणचे फोटो दाखवले, रडून शपथा घेतल्या. आई मागे मागे सरकत गेली. "फोटो बी चोरले! आई म्हनू नको मले!"

"दावं ठेव, विकास. अन् सगळे फाटकाबाहेर जा." पौर्णिमाला स्वतःचाच आवाज परका वाटला.

तिनं दार लोटलं. सोयाबीनच्या पोत्यांआड आई उकिडवी बसली होती. केस सुटलेले, ओठ फुटलेले. विळा वर झाला.

"पुढं येऊ नको!"

"नाई येत."

पौर्णिमा उंबऱ्यातच बसली. दार तिनं उघडंच ठेवलं. 'आई' हा शब्द ओठांवर आला, तो तिनं गिळला.

"माही पोरगी कुठी हाय?"

मीच आहे, असं ओरडावंसं वाटलं. पण रविवारी ते ओरडून झालं होतं.

"तुले तिची लय काळजी लागली," ती हळू म्हणाली.

"मारून राह्यले तिले. रडते ते. तुले आयकू येत नाई?"

"मले नाई येत. पन तुले येते, अन् तुले लय भेव वाटून राह्यलं, हे दिसते मले."

आईची नजर पौर्णिमाच्या हातांवर गेली.

"तुहे हात काहून कापून राह्यले?"

"मले बी भेव वाटते. त्या इळ्याचं."

आईनं विळ्याकडे पाहिलं. बऱ्याच वेळानं तिनं तो मागच्या पोत्यावर ठेवला. हाताला येईल असाच, पण ठेवला.

पौर्णिमानं पिशवीतली पाण्याची सीलबंद बाटली जमिनीवरून सरकवली. "तूच फोड."

आईनं बाटली उलटसुलट पाहिली, मग ठसका लागेस्तोवर प्यायली.

"आपुन दवाखान्यात जाऊ," पौर्णिमा म्हणाली. "ते सुई देतीन, झोप येईन. कोनी बांधनार नाई. मी संग राहीन."

"माह्या पोरीले आनशीन तू?"

पौर्णिमाला हो म्हणणं सोपं होतं. "तुले एकटी सोडनार नाई," ती म्हणाली. "एवढं सांगते."

गाडीत आई खिडकीशी बसली. गतिरोधकावर गाडी हळू झाली की तिचा हात दाराच्या कडीकडे जायचा. पण पौर्णिमानं तो धरला नाही. "इथंच हाय मी," एवढंच ती दरवेळी म्हणत राहिली.

काही दिवस आईला दवाखान्यात ठेवून घेतलं. गोळ्यांनी अंग जड झालं, हात थरथरायला लागले, मग डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या. हळूहळू आवाज कमी झाले. ती जेवू लागली, मुलीला नावानं हाक मारू लागली.

हिवाळ्यात एका संध्याकाळी दोघी तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. आई अचानक म्हणाली, "पौर्णे, ते बाई कुठी गेली वं?"

"कोन बाई?"

"पोत्यांजवळ बसली होती ते. तुह्यासारखीच दिसे."

परत सुरू झालं की काय? ती मीच होते, हे शब्द पौर्णिमाच्या जिभेवर आले. दोघींच्या मध्ये दाणे टाकायचं सूप होतं.

"तुले भेव वाटत होतं तिचं?" तिनं विचारलं.

"पयले वाटलं." आईनं दाणे सुपात टाकले. "मंग नाई. तेच बिचारी घाबरून गेलती."

पौर्णिमानं मान हलवली. पुढच्या भेटीत हे डॉक्टरांना सांगायचं, असं मनाशी ठरवून ती आईच्या जवळ सरकली आणि शेंगा सोलत राहिली.